चावीचा पहिला खटका

गाडीची चावी पहिल्या खटक्यावर फिरवली की समोर सगळे दिवे लागतात. लाल, पिवळे, एखादा हिरवा. त्यातला एक पिवळा दिवा नखाएवढा आहे. त्यात इंजिनाचं चित्र काढलं आहे म्हणतात, मला ते तोटीच्या लोट्यासारखं दिसतं. इंजिन चालू झालं की हा दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर आत काहीतरी बिघडलं आहे. काय बिघडलं ते तो सांगत नाही. नुसता जळत राहतो आणि तुम्ही गाडी चालवत राहता.

बायकोला जाऊन दोन पोळे झाले. त्या दिव्याचं मी कोणाजवळ बोललो नाही. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण बोलायला गेलं की लोक मध्येच समजूत घालतात. कागद घालत नाही.

आमचं गाव पूर्णेच्या काठाचं, खारपाण पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. तिचं माहेर मोताळ्याकडचं, गोड्या पाण्याचं. लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं पहिला घोट घेतला आणि सगळ्यांदेखत अंगणात थुंकला. माझी आई म्हणाली, होते सवय. झाली सवय. तीस-पस्तीस वर्षं तेच पाणी प्यायली आणि मग दोन्ही किडन्या गेल्या. पाण्यानंच गेल्या का, हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी तिला खामगावला डायलिसिसला न्यावं लागायचं. सकाळी नऊला मशीनवर नंबर. तिच्या डाव्या हातात मनगटाच्या वर डॉक्टरांनी दोन शिरा जोडून दिल्या होत्या, सुई तिथं टोचायची. त्या जागेवर बोटं ठेवली की आत घरघर लागायची, चालू गाडीच्या बोनेटवर हात ठेवावा तशी. सिस्टरनं शिकवलं होतं, रोज हात लावून पाहायचं, घरघर आहे म्हणजे ठीक आहे. मी रोज सकाळी पाहायचो. ती म्हणायची, "झालं का चेक? निघते का गाडी?"

खरी गाडी म्हणजे आमची पिकअप. बीटी कपाशीच्या चांगल्या वर्षांत घेतली होती. तेव्हा घरोघरी कापूस आढ्याला टेकायचा, झोपायला जागा उरायची नाही. मी माझा आणि गावाचा कापूस जिनिंगवर नेऊन टाकायचो. मग बोंडअळीचं साल आलं. ती शेतात चालू शकायची तेव्हाची गोष्ट. एक दिवस कपाशीचं फूल तोडून तिनं माझ्यासमोर धरलं.

"हे पाहा जी. उमलून नाही राह्यलं. फिरकीवानी गच्च बंद हाय."

"बीटी हाय ते. बीटीले अळी लागत नाही. पाकिटावर लिवलं हाय."

"अळीले वाचता येते काय?"

मी हसलो आणि पुढे गेलो. महिन्याभरानं बोंडं फोडून पाहिली. बाहेरून हिरवीगार, टणक, आणि आत गुलाबी अळी आरामात बसलेली. पुरा शिवार तसाच निघाला. लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. ती मला एका शब्दानं बोलली नाही. तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून ती एखाद्या गोष्टीकडे टक लावून पाहू लागली की मीही चोरून तिकडे पाहून घ्यायचो. तोंडानं मात्र मी तिला वेड्यातच काढायचो.

त्याच सालाच्या शेवटी, डायलिसिस सुरू झाल्यावर, गाडीचं इंजिन जाम झालं. कापूस नव्हता म्हणून मी दुसऱ्याची सोयाबीन, विटा, मिळेल ते वाहत होतो आणि ऑइल बदलायचं पुढे ढकलत होतो. इंजिनाला बोलता येत नाही, ते एकदाच बोलतं. नांदुऱ्याच्या अलीकडे खाडकन आवाज झाला आणि चाकं जागेवर थांबली. नशीब, तो बुधवार होता.

आमचा मिस्त्री रस्त्यावरच्या टपरीवजा गॅरेजात एकटा काम करायचा. मुसलमान माणूस, माझ्याच वयाचा, कानानं इंजिन ओळखणारा. तो म्हणाला, हे उघडण्यात अर्थ नाही, दुसरं बसवू. भंगारवाल्याकडे याच मॉडेलची एक गाडी आली होती. पुढून चेपलेली, पण इंजिन आतून कोरं. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो. गाडीच्या काचेवर आतल्या बाजूनं हार लटकत होता, वाळून तपकिरी झालेला. सीटवर काय होतं ते मी सांगत नाही. धुतलं होतं, पण पुरतं निघालं नव्हतं.

मी घरी काही बोललो नाही. पण गावात कोणती गोष्ट लपते? गुरुवारी मिस्त्री साखळीच्या कप्पीनं इंजिन उतरवून आत बसवत होता आणि ही कोणाच्या तरी ऑटोत बसून गॅरेजवर आली. हातात पिशवी. पिशवीत हळद, कुंकू, अगरबत्ती, नारळ.

"मेलेल्या गाडीचं काळीज बसवून राह्यले तुमी," ती म्हणाली. "पूजा न करता मी ह्या गाडीत नाही बसत."

"इंजिन हाय ते. लोखंड हाय."

"मंग लोखंडाची पूजा करू. दसऱ्याले कराचीच असते."

मिस्त्रीनं तिला खुर्ची दिली. "वहिनी, आरामात करा. मी हात धुऊन येतो." तो बाजूला झाला. इंजिनाला तिनं हळदीकुंकू लावलं. पाण्यात कालवलेली हळद खाली वायरींवर सांडली. मी नारळ घेऊन चाकाकडे वाकलो.

"चाकाशी काऊन? चाकं जुनेच हायत. इंजिन नवं हाय, तं इंजिनावर फोडा."

मी इंजिन उचलायच्या लोखंडी कडीवर नारळ आपटला. फुटला. मिस्त्रीनं पाणी धरायला स्टीलचा गिलास पुढे केला. तिनं हातानं अडवला. नारळाचं पाणी तिला डॉक्टरांनी बंद केलं होतं. किडनीच्या पेशंटला ते विष, एक घोटही नाही. तिला फार आवडायचं.

"मले तं चालत नाही," ती म्हणाली. "इंजिनालेच पाजा माह्या वाटचं."

मिस्त्रीनं खांद्यावरचा कपडा काढला, वायरींकडे पाहिलं आणि परत खांद्यावर टाकला. मी दोन्ही वाट्या इंजिनावर उलट्या केल्या. गोष्ट तिची होती, हात माझा होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

शुक्रवारी गाडी मस्त चालली. मंगळवारीही. पुढच्या शुक्रवारी पूर्णेचा पूल ओलांडताना तो पिवळा दिवा लागला.

इंजिन नेहमीसारखंच चालत होतं. आवाज नाही, धूर नाही, ओढही कमी नाही. मी समोर रस्त्याकडे पाहत चालवत राहिलो. ती मात्र बघत होती. खामगाव येईपर्यंत तिनं त्या दिव्यावरची नजर काढली नाही.

"कोणंतरी डोळा उघडला," ती उतरताना म्हणाली.

"बल्ब हाय तो."

"हाव. बल्बच हाय."

परत येताना मिस्त्रीकडे थांबलो. त्यानं चावी पहिल्या खटक्यावर फिरवून दाखवली. "वहिनी, आता हा दिवा लागला पाहिजे, हे बरोबर हाय. दिवा जिंदा हाय का ते गाडी स्वतः पाहते. इंजिन सुरू झालं का गेला पायजे. नाही गेला तं लोच्या." मग तो गाडीत शिरला. इंजिन बदललं की हा दिवा लागण्याची शंभर कारणं असतात, म्हणाला. इंजिनावरून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल राहते. वायरीचा एखादा प्लग अर्धाच बसतो. पाइप निसटतो. त्यानं पट्टी काढून तळाशी पॉलिश पेपर मारला, आवळून बसवली. हवेचा पाइप पाहिला. एकेक प्लग काढून, फुंकून लावला. दिवा तसाच.

मंगळवारी तिला मशीनवर लावून मी खामगावात स्कॅनरवाल्याकडे गेलो. त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉपकडे पाहत म्हणाला, डिझेलचं प्रेशर मोजणारा सेन्सर चुकीचं सांगतोय. मग एक बटण दाबलं. दिवा गेला.

"झालं?" मी विचारलं.

"कोड पुसला. परत आला तर सेन्सर बदला."

परत आला. शुक्रवारी, त्याच पुलावर. सेन्सर बदलला. दोन दिवस बरे गेले आणि सकाळच्या दवात गाडी काढली तर पुन्हा आला. मिस्त्री डोकं खाजवायला लागला. कानानं ऐकून कळणारा आजार नव्हता हा. इंजिन तर ठणठणीत होतं. नुसता दिवा जळत होता.

ती आता गाडीत बसताना त्याला हात जोडायची. मी ओरडलो तर म्हणायची, "तुमचं काय जाते?" हळूहळू बोलणं कमी झालं तिचं. आधी सगळा रस्ता तिची बडबड असायची, कोणाच्या शेतात काय पेरलं, कोणाची कपाशी लाल पडली. आता ती दिव्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. एकदा मी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, म्हटलं झाकूनच टाकतो.

"झाकलं म्हणून तो जाईन काय?"

"कोण तो?"

"ज्याचं इंजिन हाय तो. त्याले आपल्या घरी जायाचं हाय. आपण त्याले खामगावलेच नेऊन राह्यलो दर खेपी."

मी पट्टी खिशात ठेवली. मला भुताखेताचं भ्या नाही, आधीही नव्हतं. पण ते बंद फूल मला आठवत होतं.

नंतरच्या शुक्रवारी दिवा घरापासूनच लागलेला. पूल ओलांडला आणि गाडीनं दम सोडला. मी पायानं दाबतोय, गाडी चाळीसच्या वर जाईना. मिस्त्रीनं नंतर सांगितलं, आतल्या कॉम्प्युटरला सेन्सरचा भरवसा वाटला नाही की तो स्वतःच गाडीचा गळा धरतो, इंजिन वाचावं म्हणून. इंजिन वाचावं म्हणून. मागून ट्रक हॉर्न मारत अंगावरून जात होते. नऊ वाजून गेले. दहा वाजले. तिचे पाय सुजलेले, श्वास तोंडानं चाललेला. ती एकदाच बोलली, "घाई नका करू."

पोचलो तेव्हा तिच्या मशीनवर दुसरा पेशंट होता. सिस्टर म्हणाली, काका, फोन नाही केला, आता दिवसभर सगळ्या मशीन भरलेल्या आहेत, उद्या सकाळी सातला पहिला नंबर देते. तिचं बीपी पाहिलं, पाणी कमी प्या म्हणून सांगितलं. मी भांडलो. बायको माझा सदरा धरून म्हणाली, "चला. उद्या येऊ."

तशाच रखडत्या गाडीनं मी मिस्त्रीच्या दारात आलो. दुपारचे तीन झाले असतील. म्हटलं, उद्या सातला खामगावला पोचायचं आहे, आता काही पण कर. ती गाडीतच बसून राहिली, मान मागे टेकवून. मिस्त्रीनं तो सेन्सरचा प्लग काढला. समोरून स्वच्छ होता, आधीही पाहिला होता. या वेळी त्यानं चाकू घेऊन प्लगच्या मागचं रबर कापलं, जिथून वायरी आत जातात तिथलं. रबर आधीच फाटलेलं होतं, अपघातात ओढलं गेलं असेल. आतल्या तारा हिरव्या पडलेल्या. हिरव्या आणि चिकट, आणि त्यात पिवळं काहीतरी. त्यानं बोटावर घेतलं, नाकाला लावलं, माझ्या नाकापुढे धरलं.

आंबलेल्या नारळाचा वास होता. पिवळी ती हळद.

"मागून उतरलं पानी," तो म्हणाला. "मले तवाच बोलाले पायजे होतं. कपडा तरी टाकतो वरून. पन तुमची पूजा, म्या म्हटलं आपन काऊन तोंड घाला. माही गलती हाय भाऊ. ग्यारेज माहं हाय."

चूक त्याची नव्हती. तरी त्यानं उचलली, एका दमात. मी काय केलं? मी सरळ गाडीच्या खिडकीशी गेलो. दिवसभराचा राग डोक्यात होता. पुलापासूनचे हॉर्न कानात होते.

"भूत नाही बसलं इंजिनात," मी म्हटलं. "तुहा नारळ बसला. तुह्या नारळाचं पाणी गेलं वायरीत."

तिनं डोळे उघडले. मग तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"म्हणजे त्यात माणूस नाही."

"नाही."

"बरं झालं. मले वाटे, त्याले आपण वापरून राह्यलो." मग ती म्हणाली, "मंग आज उशीर माह्यानंच झाला म्हणा."

"हो," मी म्हटलं.

एवढंच. मी आयुष्यभर तोंडावर बोलणारा माणूस, लोक मला त्याच्यासाठी ओळखतात. जे असेल ते बोलून मोकळा होतो. पण ते खरं नव्हतं. नारळ मी फोडला, वाट्या मी उलट्या केल्या, गाडीचं काय भिजतं हे तिच्यापेक्षा मला जास्त कळत होतं. जुनं इंजिन तर माझ्याच आळसानं मेलं होतं. "हो" म्हणायला अर्धा श्वास लागला. मिस्त्री खाली वाकून तारा जोडत होता, त्यानं ऐकलं. त्यानं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला निघालो. चावी फिरवली, दिवा लागला, इंजिन चालू केलं, दिवा गेला. गेलाच. गाडी पाण्यासारखी पळत होती. पूल आला, गेला. मी तिला म्हटलं, "पाहा, नाही लागला." ती हसली असं मला वाटलं. तिनं शाल डोक्यावरून घेतली होती, मान खिडकीकडे होती. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकलेल्या, शेतं उघडी. समोर एकही दिवा जळत नव्हता. इतकी साफ काच मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो. मला हलकं वाटत होतं. म्हटलं, खामगावात पोचलो की सांगू तिला, की काल मी उगाच हो म्हटलं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मी गाडी चालूच ठेवली. सवयीनं हात लांब करून तिच्या डाव्या मनगटाच्या वर बोटं ठेवली. घरघर लागली. ठीक आहे, मी मनात म्हटलं.

मालगाडी होती, लांब. डिझेल कशाला जाळा म्हणून मी दुसऱ्या हातानं चावी मागे फिरवली. इंजिन बंद झालं, आणि माझ्या बोटांखालची घरघरही बंद झाली.

मी चावी फिरवून इंजिन पुन्हा चालू केलं. घरघर आली. बंद केलं, गेली. असं मी दोनदा केलं. शहाण्या माणसानं करू नये तसं. मालगाडीचे डबे जात होते. ती गाडीचीच घरघर होती, सीटमधून तिच्या हातात आलेली. तिची स्वतःची कुठपासून थांबली होती ते कळत नाही. पुलापासून असेल, त्याच्याही आधीपासून असेल. कदाचित मी "पाहा, नाही लागला" म्हटलं तेव्हाही ती गेलेलीच असेल.

डॉक्टर म्हणाले, एका दिवसाच्या उशिरानं असं होईलच असं नाही. तिचं हृदय कमजोर झालं होतं, मशीनवर असतानाही झालं असतं. चांगला माणूस आहे. मिस्त्री तेराव्याला आला, ओसरीवर बसला, चहा न घेता गेला.

गाडी मी विकली नाही. पोरगी म्हणते, बाबा, काढून टाका. आता तिच्यात कापूस थोडा, चारा जास्त जातो. तो दिवा परत कधीही रस्त्यात लागला नाही. फक्त सकाळी, पहिल्या खटक्यावर, दिवा जिंदा आहे का हे गाडी पाहते तेव्हा लागतो. इंजिन चालू करेपर्यंत तो जळत राहतो, चालू केलं की जातो.

म्हणून मी लगेच चालू करत नाही. पहिल्या खटक्यावर चावी थांबवतो. दार लावलेलं असतं, काच वर असते. शेजारची सीट रिकामी. त्या पिवळ्या लोट्याकडे पाहून मी जे त्या दिवशी खिडकीशी म्हणायला पाहिजे होतं ते म्हणतो. हात माहा होता वं. उशीर माह्यानं झाला. मोठ्यानं म्हणतो, कारण मनात म्हटलेलं तिला कधीच ऐकू गेलं नाही.

मग पुढची खेप असते. मी चावी पुढे फिरवतो, आणि दिवा विझतो.